भाईच्या भिंतीवरची वानरं

रत्नागिरी,
एप्रिलचा दुसरा आठवडा (तारीख घालत नाही, कारण हे पत्र एका बैठकीत पुरं होईल असं वाटत नाही)

आदरणीय गनीभाई,

अस्सलामु अलैकुम. मी एम.एस्सी.ला गणित घेतलं तेव्हा तू पडवीत दाढी करता करता म्हणाला होतास, "रझिया, तुझा हा गणित कधी आंब्याच्या कामी येणार हाय काय?" त्याचं उत्तर आज देते. आलं, भाई, कामी आलं. आणि त्याचे परिणाम दोह्यापर्यंत तुझ्या व्हॉट्सॲपवर पोचले, हेही मला ठाऊक आहे. त्याचाच खुलासा करायला बसले आहे. त्याआधी तुझी साखर कशी आहे ते कळव, भाभीच्या मानेचं दुखणं थांबलं का ते कळव, आणि मुलांना माझी दुवा सांग. इथे सगळं खुशाल. अम्मी खुशाल आहे. अम्मी अगदी खुशाल आहे (हे दोनदा लिहिलं, कारण त्या मेसेजनंतर एकदा लिहून तुझा विश्वास बसायचा नाही). तुला वाटेल, आजच्या काळात हिला पत्र कुठलं सुचलं. पण शेजारच्या तहाचं नाव निघालं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं, हे मी इतक्या वेळा अनुभवलंय की आता कागदावरच भरवसा ठेवते. मोहल्ल्यातला अमन सुट्टी संपवून दोह्याला निघालाय. त्याच्या बॅगेत आमसुलं, सुका जवळा आणि हे पत्र. जवळा संपेपर्यंत तू पत्र फाडणार नाहीस असा माझा हिशेब आहे.

मी या वयात पीएच.डी.ला नाव घातलंय हे तुला माहीत आहे, पण कशावर, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. विषय गेम थिअरीचा, त्यातही उत्क्रांतीच्या अंगाने. (मराठीत त्याला द्यूतसिद्धांत म्हणतात. अम्मीला हा शब्द सांगायचा नाही. घरात जुगार शिरला म्हणून ती माझं टेबल बाहेर काढेल.) समज, दोन जण शेजारी आहेत. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचं बरं चालतं. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याचं फारच बरं चालतं. दोघांनी दगा दिला तर दोघांचं वाटोळं. शहाण्या माणसाने यात काय करावं, हा जुना प्रश्न. उत्क्रांतीवाले म्हणतात, शहाण्याला बाजूला ठेवा, हे खेळ मासे खेळतात, वटवाघळं खेळतात, जंतूसुद्धा खेळतात, त्यांना कुठे डोकं आहे? ज्या वागण्यात फायदा ते वागणारे वाढतात, ज्यात तोटा ते कमी होत जातात. मग दग्यात एवढा फायदा असताना जगात साथ उरतेच कशी? बस, एवढाच माझा विषय. कॉलेजातले तास संपले की मी कॉम्प्युटरमध्ये हजारो खोटी माणसं सोडते, त्यांना एकमेकांशी खेळवते आणि शेवटी कोण उरलं ते बघते. आमचे मार्गदर्शक सर कोल्हापूरहून फोनवर म्हणाले, "मॅडम, खोटी माणसं पुरे झाली. आता खरी आणा." खरी माणसं कुठून आणायची? मासळी बाजारात बघून आले, तिथल्या बायकांनी मला पापलेट विकलं आणि माहिती दिली नाही. एस.टी. स्टँडवर रांगेचा अभ्यास करायला गेले, तर रांगच नव्हती. शेवटी घरी आले, मागच्या दारी उभी राहिले आणि समोर बघितलं तर माझा सगळा विषय भिंतीवर शेपट्या सोडून बसला होता.

(थांब, पत्र्यावर आवाज झाला.)

आले परत. वानर नव्हतं, झावळ पडली. अलीकडे हे असं झालंय. एका जागी बसवतच नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना बाहेर फांदी हलली तरी खडू थांबतो.

तर खेळाडू दोन. एक आपण. दुसरा तहा, म्हणजे आपला सख्खा चुलतभाऊ, चाची गेल्यावर ज्याला अम्मीने आपल्याच पानात जेवू घालून वाढवलं आणि ज्याच्याशी तू दहा-अकरा वर्षं बोलत नाहीस. (तुला ओळख करून द्यायची गरज नव्हती, पण तू ते नाव कधी ऐकलंच नसल्यासारखं करतोस, म्हणून दिली.) तोडणीच्या आदल्या दिवशी त्याने मुद्दाम वानरं आपल्या हापूसवर घातली असं तू म्हणालास, तो नाही म्हणाला, आणि गुडघाभर उंचीच्या जुन्या गडग्याच्या जागी तू चिऱ्यांची डोक्याएवढी भिंत घातलीस. भाई, भिंत देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वानरांना इतकी प्रशस्त बैठक त्याआधी या वाडीत नव्हती. सकाळी ओळीने बसतात आणि दोन्ही बागा न्याहाळतात, लग्नात पाहुणे मटणाच्या डेगेकडे बघतात तसे. मग आपण डबा बडवून त्यांना तहाच्या बागेत घालवतो, तहा फटाका लावून त्यांना आपल्याकडे पाठवतो. येताना एक कैरी, जाताना एक कैरी, एक चावा घेऊन बाकी खाली. दगा आणि दगा, वर्षानुवर्षं. माझ्या कॉम्प्युटरने जे चित्र काढायला तासभर घेतला ते इथे फुकट चाललं होतं.

मी ठरवलं की आपण साथ देऊन बघायची. वानरं भिंतीवरून तहाकडे घालवायची नाहीत, वर डोंगराकडे हाकायची. सोपं वाटतं ना? तुझ्या बहिणीने रॉकेलचा जुना डबा गळ्यात अडकवला, हातात काठी घेतली आणि चढणीला लागली. वानरं पुढे, मी मागे, आणि मधे तू कलमांसाठी खणवून ठेवलेला खड्डा. डब्याचा असा काही आवाज झाला की वानरं खरोखर डोंगरात गेली. मी मात्र खड्ड्यातच काही वेळ बसून राहिले. तिथून आभाळ छान दिसत होतं आणि मला वाटलं, आता तहाला कळेल, या बाजूने चांगुलपणा सुरू झालाय. दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं असेल? भिंतीवर जत्रेतला कापडी वाघ आणून बसवला, तोंड आपल्याकडे करून! (फिजा, म्हणजे तहाची बायको, नंतर मला म्हणाली की मी डबा घालून डोंगरात जाते हे बघून तहाला वाटलं होतं, मी वानरांना काहीतरी शिकवतेय. कॉलेजात कसले कसले प्रयोग करतात, तो म्हणाला होता.) वाघाला वानरं दोन दिवस भ्यायली. मग एका म्हाताऱ्या वानरीने त्याला टेकून पिलाच्या उवा काढायला घेतल्या.

रात्री जेवताना मी अम्मीला म्हटलं, मी त्याचं भलं केलं आणि त्याला कळलंच नाही. अम्मीने भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "मुक्यानं केलेला भला कोनाला कळनार गो? कू घातलीस काय?" आणि भाई, मी विसरूनच गेले होते. तू विसरला असशील की नाही माहीत नाही. वानर आधी ज्याला दिसेल त्याने कू, म्हणजे लांब हाक, घालायची, शेजाऱ्याने उलट कू घालायची, आणि उलट कू येईपर्यंत पहिल्याने जागचं हलायचं नाही. कूला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. भिंत झाल्यापासून आपल्या घरातून कू गेलेली नाही. अम्मीने तर डबासुद्धा तोंड फिरवून बडवला.

आता अडचण अशी की वीस वर्षं पोरांना "शांत बसा" म्हणून माझा गळा फक्त त्याच दोन शब्दांना सरावलाय. कू घालायला पोटातून आवाज लागतो. घरात सराव करावा तर अम्मी हसते. म्हणून कॉलेज सुटल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, पाण्याकडे तोंड केलं आणि घातली. पहिल्यांदा आवाज आला तो उकळत्या किटलीचा. दुसऱ्यांदा बरा आला. तिसऱ्यांदा इतका चांगला आला की गणपतीपुळ्याला निघालेलं एक कुटुंब गाडी थांबवून वाळूत उतरलं आणि त्यातल्या बाईंनी माझा हात धरून विचारलं, "ताई, कोण बुडालं?" मी म्हटलं, कोणी नाही, मी प्राध्यापक आहे. त्यांनी हात सोडला, पण जाईपर्यंत वळून वळून बघत होत्या.

(अम्मीने हाक मारली म्हणून उठले होते. काही नाही, "लिवतेस कोनाला एवढा?" म्हणून विचारत होती. परीक्षेचे पेपर, असं सांगितलं. अल्लाह माफ करो.)

तो शनिवार होता. दुपारच्या नमाजाला अजून वेळ होता. अम्मी पडवीत सुपात जवळा निवडत बसलेली. वानरं उतरली, मी भिंतीजवळ गेले, वाघाच्या शेजारी उभी राहिले आणि पोटातून कू घातली. पलीकडे पातेलं पडल्याचा आवाज. मग तहाची आरोळी (अम्मीला तो अजून मोठीअम्माच म्हणतो): "मोठीअम्मा गेली! फिजा, मशिदीत सांगा! मोठीअम्मा गेली!" आणि पन्नाशीचा, पोट सुटलेला, कंबरपट्टा लावणारा माणूस तुझ्या भिंतीवर चढलेला दिसला. त्याचंही काय चुकलं? इतक्या वर्षांत या घरातून हाक गेली नाही. आज गेली ती मरणाचीच असणार, दुसरं कशासाठी आपण त्याला हाक मारणार होतो? पायजमा वाघाच्या कानात अडकून टरकन फाटला. वर चढला तो उतरता येईना. तिथेच बसून, टोपी हातात घेऊन, लहान पोरासारखा रडायला लागला. मी काही सांगायच्या आत पडवीतून अम्मीचा आवाज आला. "तहा, खाली उतर आदी. पडशील."

त्याने वळून बघितलं. अम्मीने जवळ्यातला एक खडा काढून टाकला. "बारीक झालास," ती म्हणाली (पोटाचं मी वर लिहिलंच आहे). "फिजा रांधत नाय काय?"

मग मशिदीच्या भोंग्यावरून अम्मीच्या इंतकालाची बातमी झाली. अम्मीने हातातलं काम थांबवून ती पूर्ण ऐकली. तिची तक्रार एकच, अब्बांचं नाव लावलं पण माहेरचं गाव सांगितलं नाही. "नाव तरी नीट घेतलान? असा अर्धामुर्धा काय सांगतात?" तोवर माणसं यायला लागली. जनाज्याची खाट आली. वरच्या वाडीतला भागोजी, ज्याची काजूची झाडं आपल्या बागेच्या वरच्या अंगाला आहेत, हातातलं काम टाकून कुदळ-फावडं घेऊन आला, कबर खणायला माणूस कमी पडायला नको म्हणून. बायका रडत आत शिरल्या आणि अम्मीला बघून आणखी जोरात रडल्या. मयताला आलेल्या माणसांना मयताने चहा दिला, असं आपल्या मोहल्ल्यात आधी झालेलं नाही. दुपारभर अम्मी इतकी खुशीत होती की विचारू नको. कोण खरं रडलं, कोण पदराआडून बघत होतं, कोण आलंच नाही, सगळं तिच्या ध्यानात आहे. त्याच गडबडीत कोणीतरी तुला मेसेज टाकला. तू फोन केलास आणि तो तिनेच उचलला. "मी मेले नाय. तू जेवलास काय?" एवढं बोलून तिने फोन ठेवला. तू रडत होतास असं ती म्हणते. तू नाही म्हणशील, म्हणून खोलात जात नाही.

आता अभ्यासाचं सांगते. सगळी माणसं आपल्या पडवीत, आणि तिन्ही बागा मोकळ्या. त्या दिवशी सगळ्यांत यशस्वी डाव वानरांचा झाला. पण मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे, भाई. माझ्या तक्त्यात तहा दगेबाज होता. ऐन हंगामात बाग उघडी टाकून, कंबरपट्ट्यासकट भिंतीवर चढणाऱ्या दगेबाजासाठी त्यात रकाना नाही. मी दोन-तीनदा तक्ता नव्याने मांडला. बसत नाही. त्याला काय मिळणार होतं? मेलेल्या चुलतीकडून माणसाला काय मिळतं?

सध्याची स्थिती अशी. तहा कू घालतो, मी उलट घालते, आणि दोघं मिळून वानरं डोंगराकडे हाकतो. वाघ काढलाय, त्याचा एक कान शिवायला फिजाकडे आहे. या नव्या सहकार्याने मी इतकी हरखले की सरांना लगेच फोन केला. तेवढ्यात भागोजी दारात. "बाय, तुमचा समेट झाला तो बरा झाला," तो म्हणाला, "पन माज्या काजूंनी काय घोडा मारलान?" खरंच होतं. आमची साथ म्हणजे त्याला दगा. बिचारा कुदळ घेऊन आला होता आणि आम्ही त्याला वानरं दिली. मग तोही कूमध्ये सामील झाला, आता तिघं मिळून हाकतो. कुठे जातात वानरं, ते माहीत नाही. डोंगरापलीकडच्या वाडीतून अजून कोणी आलेलं नाही. येईल. सर म्हणतात, तीन बागांवरून प्रबंध होत नाही, मॅडम. त्यांचंही बरोबर आहे.

पण या खेळातली एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही. सगळ्यात भरवशाची चाल म्हणून जिचं नाव होतं ती "जशास तसे". तू साथ दिलीस तर मी साथ, तू दगा दिलास तर मी दगा. साधी, सरळ, मानी चाल, तुझ्यासारखी. तिचा एकच दोष. एखाद्या वेळी नुसती चूक झाली, कोणाचा हात घसरला, कोणाला काही दिसलं नाही, तर जशास तसे खेळणारे दोघे त्या एका चुकीची परतफेड करत राहतात. कॉम्प्युटरमध्ये मी बघते, पडद्यावर ती दोन माणसं थांबतच नाहीत. त्यातून सुटतात ती कोण? अधूनमधून, काही कारण नसताना, एक दगा सोडून देणारी. सारखा सोडला तर लुटली जातात, कधीच सोडला नाही तर अडकून पडतात. किती वेळा सोडावा याचं सूत्रही आहे, पाहिजे तर पाठवते. (नको असेल. कळलं.)

आणि दुसरी गोष्ट. सिद्धांत सांगतो, खेळ संपत आला हे ज्याला कळलं, त्याने साथ देण्याचं कारण उरत नाही, कारण पुढची भेटच नाही. अम्मी दिवसेंदिवस वाकत चाललीय, तिला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आणि ती रोज तहाच्या घरी काहीतरी पाठवते. काल सांदणं, आज कालवण. हे माझ्या कुठल्याच सूत्रात येत नाही, आणि मला बसवत नाही, म्हणून उठते, खिडकीशी जाते, परत येते. बाकी सगळं ठीक. आंबा यंदा बरा आहे. तब्येतीला जप.

तुझी बहीण,
रझिया

ता. क. अम्मी खुशाल आहे असं वर लिहिलंय ते खरंच आहे, पण पूर्ण नाही. रोज असरच्या नमाजानंतर ती काठी टेकत भिंतीपर्यंत जाते. पलीकडून फिजा येते. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नाही, भिंत तशी नीट बांधलीय तू. चिऱ्याला तोंड लावून बोलतात. कालवणाचं भांडं मी स्टुलावर चढून पलीकडे देते, त्यातलं निम्मं वाघाच्या जागी सांडतं. अम्मीला मी म्हटलं, रस्त्याने वळसा घालून जाऊ, रिक्षा बोलावते. ती म्हणाली, "शेजारी रिक्षानं जातात काय? लोक काय म्हनतील?"

ता. क. २. भिंतीआधी, तोडणीच्या आदल्या त्या दिवशी काय झालं होतं, ते मी तहाला विचारलं. तुझ्या परवानगीशिवाय विचारलं. तो म्हणाला, "मी कू घातली होती. तुमचा पंप चालू होता. उलट कू आली नाय, मना वाटला गनीभाई मुद्दाम गप बसला, मग मी पन थांबलो नाय." खरं असेल, बनवलेलं असेल. दोन्ही धरून मी गणित करून बघितलं, उत्तर एकच येतं: एकदा सोडून द्यायचं.

ता. क. ३. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भिंतीत दार पाडावं म्हणून मी गवंड्याला बोलावलं होतं. अम्मीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाली, "ज्यानं लावला त्यानं काढायचा. गनीच्या हाताबिगर एक चिरा हलवायचा नाय." भिंत झाल्यापासून तू पावसातच येतोस, बाग रिकामी असताना, आणि मागच्या दारी पाऊल टाकत नाहीस. रजा मिळणार नाही, तिकिटं परवडत नाहीत, बॉस ऐकत नाही, हे सगळं तू लिहिणार आहेस, आणि मी मॉडेलमध्ये तुला "नाही" असाच घातलाय. तरी विचारते. मे महिन्यात, आंबा झाडावर असताना, चार दिवस येशील? पहिला चिरा तू काढ, बाकीचे मी आणि तहा काढू.